नॉर्बच्या मुठीखालची बिअर

केल्सी फॉल्स, विस्कॉन्सिन
१९ मे, रविवार

प्रिय क्लेम,

पत्र बघून घाबरू नकोस, आणखी कुणी गेलेलं नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहिते आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथली थंडी एकदाची सरली. बागेत मी काही लावलेलं नाही. चर्चमधल्या बायका अजून डबे आणून देतात, रोज बटाटे आणि चीज. निम्मं शेजारच्या कुत्र्याच्या पोटात जातं.

काल मी स्टेडियमवर गेले होते, नॉर्ब गेल्यापासून पहिल्यांदाच. तिथल्या बिअरच्या नळांचं काम बघणारा ड्वेन तुला आठवत असेल. फोन करकरून तो थकला आणि शेवटी दारातच येऊन उभा राहिला. म्हणाला, "घरात बसून भिंतींशी बोलणार आहेस का? चल, बेसबॉलचा सामना बघ. आपले हरतातच, पण बघ तरी."

तिसऱ्या बेसमागच्या गाळ्यात नॉर्बच्या बिअरचा नळ अजून होता. त्यावर त्याने मॅपलच्या लाकडात कोरलेली माशाच्या आकाराची मूठ, आणि समोर ही रांग. मला नवल वाटलं, कारण फेब्रुवारीपासून मी आमच्या बिअरचं एकही पिंप पाठवलेलं नाही. म्हटलं, जुनी शिल्लक असेल.

रांगेतल्या एका बाईने मला ओळखलं. "अर्लीन, नॉर्ब गेला गं, पण बिअर अगदी तश्शीच आहे!"

"तश्शीच कसली? सुधारली," तिचा नवरा म्हणाला. "म्हातारा आता लुडबुड करत नाही ना!"

सगळे हसले. मीही हसले. सातव्या डावात रिवाजाप्रमाणे लोक पाय मोकळे करायला उठले, तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांनी ग्लास उंच धरले आणि "नॉर्ब!" म्हणून ओरडले. आता प्रत्येक सामन्याला असंच करतात म्हणे.

मग मी घोट घेतला. आमची नव्हती.

रंग जवळचा होता. शेवटचा कडवटपणाही जवळचा. पण ती तुमच्या कंपनीची होती, क्लेम, तू कृती बसवून दिलेली तांबडी बिअर. तुझा हात मला कळतो. तुम्ही दोघं भाऊ एकाच तळघरात बिअर करायला शिकलात.

सातव्या डावानंतर विक्री बंद होते. ड्वेन नळ धूत होता, तेव्हा मी त्याच्याजवळ गेले.

"या मुठीखाली काय लावलंयस?"

तो फडकं पिळत राहिला. "तुझी पिंपं येईनात. नळ रिकामा राहिला की दुसऱ्याला द्यायचा, असा इथला नियम. वरचे माझ्या मागेच लागले होते. म्हटलं, निदान मूठ तरी राहू दे. चवीला जवळची शोधून काढली. एकानेही ओळखलं नाही बघ."

"मी ओळखलं."

"तू ओळखणारच. त्याआधी सांगावं म्हणून तर फोन करत होतो, बाई. तू उचलशील तर ना!"

त्याच्यावर रागावता येईना. मूठ मात्र काढायला लावली. "लोक विचारतील," म्हणाला. मी म्हटलं, खरं ते सांग. महिनाअखेरपर्यंत आमचं पिंप आलं नाही, तर नळ पलीकडच्या गावातल्या एका जोडप्याला मिळेल. जुन्या गोठ्यात बिअर करतात. चांगली पोरं आहेत.

ड्वेनला वाटतं, आमच्याकडे बिअरच नाही. तुलाही तसंच वाटत असेल.

टाकी भरलेली आहे, क्लेम. आजारी पडायच्या आधी नॉर्बने शेवटची घातली ती. तयार होऊन थंड राहिली आहे. मी रोज सकाळी तळघरात उतरते, थंडाव्याचा काटा बघते आणि वर येते. पिंपं भरायला मला येतं, इतकी वर्षं मीच भरत आले. पण ती टाकी रिकामी झाली की त्याच्या हातचं काही उरणार नाही.

येत्या शनिवारीच ये, महिना संपायच्या आत. तू अंत्यविधीला का आला नाहीस ते मी विचारणार नाही. तुम्हा दोघांचं भांडणही काढणार नाही. तू नळी धर, मी पिंपं लावीन. स्टेडियमवर लोकांनी एकदा त्याच्या नावाने त्याचीच प्यावी. ती संपली की नळ त्या पोरांना देऊन टाकू. पुन्हा नवी बिअर घालायची ताकद माझ्यात नाही.

आला नाहीस तर टाकीच्या तळाची तोटी उघडून सगळी गटारात सोडून देईन. ही धमकी समजू नकोस. त्याची शेवटची पिंपं मला एकटीने भरवणार नाहीत.

अजूनही तुझी वहिनीच,
अर्लीन