एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे

बदलापूर पूर्व
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

दिपेशदादास,

नमस्कार. काकूच्या पाया पडते, तिला सांग. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा जिने चढण्याइतका सुधारला आहे. कंपनीत मला इन्व्हर्टर टेस्टिंगचं नवं बेंच मिळालं. अंबरनाथला तुझ्या सोलारच्या दुकानावरचा नवा बोर्ड रिक्षातून पाहिला, अक्षरं नीट बसली आहेत.

भाऊबीजेला आले नाही. काकूचा फोन आला होता, "काय गो, भाऊ नको झाला काय तुला? ताट तसाच ठेवलाय." मी म्हणाले, शिफ्ट आहे. शिफ्ट नव्हती.

हे मोबाइलवर न लिहिता कागदावर का लिहिते आहे, ते तुला पुढे कळेल. क्रमाने सांगते. क्रम सोडला की माझी बाजू बरी दिसायला लागते.

पंधरा ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. किती आणि केव्हापासून, ते परिषद ठरवणार होती, म्हणजे केंद्राच्या आणि राज्यांच्या अर्थमंत्र्यांची. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रो-हाउसवाल्या नीलिमाताईंनी विचारलं, "सोलार आत्ता बसवू की थांबू?" सगळे लिहीत होते, थांबा, सात टक्के वाचतील. ते चूक होतं. सोलारच्या किमतीतला सत्तर टक्के भाग वस्तू धरतात आणि तीस टक्के सेवा. सेवेवरचे अठरा टक्के बदलणार नव्हते. वस्तूवरचे बारा पाचवर आले, तरी एकूण फरक चार पूर्णांक नऊ. चुकीचा आकडा समोर असला की मला गप्प बसवत नाही. मी पूर्ण हिशोब मांडला, खाली लिहिलं, "दर परिषद ठरवते, दुकानदार नाही. घाई करू नका," आणि पाठवला.

हो. तो मेसेज माझा.

ग्रुपवर माझं नाव दिसत होतं. पुढे पुढे जाताना ते गळून पडलं. गणपतीपर्यंत मेसेज उल्हासनगरला पोचला होता आणि तुझी एकही ऑर्डर पुढे सरकत नव्हती. मला हे माहीत होतं.

गणपतीत बदलापूर गावातल्या घरी तू तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलास. आरती झाली होती, मी नारळाचे तुकडे वाटत होते. तू म्हणालास, "हा एक लाख त्र्याऐंशी हजार चारशेचा आकडा बघा. हे माझं कोटेशन आहे. अजून गिऱ्हाइकाला दिलं पण नाही, फक्त मी आणि जितेशने पाहिलंय." मग माझ्याकडे वळलास. "तू इंजिनीअर ना, तूच सांग, कोणी लिहिलं असेल?"

मी म्हणाले, "सीए असेल कोणीतरी."

जितेश तिथेच होता, हातात प्रसाद. तू त्याच्याकडे पाहिलंस. तो हसला, "माझ्याकडे काय बघतोस? मला टक्केवारी आली असती तर दहावीला गणितात पडलो असतो काय?" कोणी हसलं नाही. तुझ्या पहिल्या गच्चीपासून तुझ्याबरोबर पत्र्यांवर चढलेला तुझा शाळेतला मित्र. विसर्जनानंतर तू त्याच्याकडून दुकानाची चावी मागून घेतलीस.

ते कोटेशन तिघांनी पाहिलं होतं. वायरची जाडी बरोबर आहे का हे तपासायला तू ते मला पाठवलं होतंस. मला त्यात तू धरलंच नाहीस, इतका तुझा विश्वास. मी एक लाख ऐंशी हजार धरले असते तरी हिशोब तसाच आला असता. पण मला बाजारातला खरा आकडा हवा होता, म्हणून तुझा घेतला. गोलसुद्धा केला नाही.

नंतर परिषदेने दर पाचवर आणला. बावीस सप्टेंबरपासून तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, हे आईकडून कळलं. मी स्वतःला सांगितलं, नुकसान भरून निघालं, आता बोलून काय उपयोग. दीड महिना त्यावर काढला. भाऊबीजेला मात्र तुला ओवाळायला हात उचलणार नाही, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

आज जितेशला भेटून आले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका बॅटरीच्या होलसेलवाल्याकडे आहे. माल उतरवतो. शेठ आतून ओरडत होता, "जितेश, गाडी खाली कर जल्दी!" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस, ताई? मी केलं नाही, हे मला माहीत होतंच की."

मी विचारलं, दादाने बोलावलं तर येशील का. "फोनवर नाही. चावी त्याने हातातून घेतली, हातातच द्यायला येऊ दे. मग बघतो." आणि गाडीकडे गेला.

मेसेजमधला हिशोब बरोबर होता. "दुकानदार नाही" या वाक्याबद्दलही मी तुझी माफी मागत नाही, दर खरोखरच तुझ्या हातात नव्हता. पण जितेशला काढावं की ठेवावं हे तुझ्या हातात होतं, आणि ते तू माझ्या उत्तरावर ठरवलंस. माझं उत्तर खोटं होतं. माफी त्या खोट्याची मागते.

हा कागद काकूला वाचून दाखव, दुकानात लाव, हवं ते कर. चावी घेऊन कॅम्प चारला जाशील तेव्हा मला बोलव. नाही बोलावलंस तरी जा.

ऑगस्टमध्ये खाली लिहायचं राहिलेलं नाव,

जिज्ञासा बाळा भोपी