गाऱ्हाणं मागे घ्या

डोंबिवली,
२८ मार्च १९९६

तीर्थस्वरूप हरिहर भावोजींना मंजुळाचा नमस्कार. शेवंतीवहिनींनाही सांगावा.

तुमचं पत्र आणि पाठवलेली आमसुलं पोचली. रतनची परीक्षा तोंडावर आली आहे, दिवसभर पुस्तक घेऊन दारात बसते. कान्हाचे पुढचे दोन दात पडलेत आणि तो हसला की सगळी चाळ हसते. पाण्याची बोंब आहेच. तुमच्या भावाबद्दल पुढे लिहिते.

आधी तुमच्या पत्राचं. तुम्ही लिहिलंय, "महिपतला शिमग्यात माणूस करून पाठवला. डॉक्टरला जमलं नाही ते देवानं केलं. आता त्या गोळ्यांचा नाद सोड." वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्या दिराला असं लिहू नये, ते मला कळतं. तरी लिहिणार आहे आणि तुम्ही शेवटपर्यंत वाचायचं आहे.

माणूस करून पाठवला म्हणता. भावोजी, तुमचा भाऊ दिवाळीतच माणूस झाला होता. तुम्ही बघायला नव्हता. त्याआधी दोन वर्षं गर्दच्या नशेपायी या घराचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण दर खेपेला मी तुम्हालाच कळवत होते आणि दर खेपेला तुमचं उत्तर यायचं, "चांगला ठोकून काढा." ठोकलंही. माझ्या भावाने ठोकलं, कारखान्यातल्या लोकांनी ठोकलं. खोलीत कोंडूनही झालं. कोंडलं की जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोट वाहायचं, पायात असे गोळे यायचे की भिंतीला लाथा मारायचे. लोक म्हणायचे नाटक करतो. चार दिवस ते सोसायचे आणि दार उघडलं की थेट पुन्हा पन्नीवर गर्द ओढायला.

मग ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोजवळच्या त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या ओरडल्या नाहीत. माझ्यादेखत म्हणाल्या, "महिपतराव, तुमच्या अंगाला याची सवय लागलीय. वातीचा स्टोव्ह असतो ना, तसं करू. एकदम फुंकर नाही मारायची. वात हळूहळू खाली घेऊ." जिभेखाली ठेवायची बारीकशी गोळी दिली. तीसुद्धा लगेच नाही. जांभया आणि काटा सुरू होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, आधी दिली तर उलट त्रास वाढतो म्हणाल्या. गोळी विरघळली आणि तासाभरात तुमचा भाऊ मला म्हणाला, "मंजू, भूक लागली गं." मी तिथेच रडले. आजही लिहिताना रडू येतंय, पण ते रागाचं आहे.

त्या गोळीने ते झिंगले नाहीत, झोपले नाहीत, बडबडले नाहीत. रोज दाढी करून कारखान्यात जायला लागले. लेथवर हात थरथरत नव्हता. कान्हाला खांद्यावर घेऊन बाजारात जायचे. आधी रोज दवाखान्यात जाऊन बाईंसमोर गोळी घ्यायची, मग भरवसा बसल्यावर गोळ्या माझ्याकडे ठेवायला दिल्या. किती महिने चालेल विचारलं तर बाई म्हणाल्या, "लागतील तेवढे. घाई कुणाला आहे?"

घाई तुम्हाला होती.

मी यांना शिमग्याला गावी एकटं पाठवलं ते तुमच्या शब्दावर. गोळ्या बरोबर दिल्या, रोज सकाळी एक द्या म्हणून वहिनींना निरोप दिला. आणि तुम्ही काय केलंत? रवळनाथापुढे नारळ ठेवलात. गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलंत, गाव मागे "होय म्हाराजा" म्हणत उभा. यांचा हात नारळावर ठेवून वदवून घेतलंत की यापुढे गर्द, दारू, गोळी, कसलीच नशा तोंडात घेणार नाही, घेतली तर माझ्या पोरांवर उलटू दे. गर्द म्हणालात तिथवर तुम्हाला मी हात जोडले असते. गोळी कुणी घालायला सांगितली त्यात? "एक नशा सोडूक दुसरी कशाक?" असं तुम्ही चारचौघांत म्हणालात म्हणे. आणि उरलेल्या गोळ्या व्हाळाच्या पाण्यात फेकल्यात.

तुम्ही स्वतः रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेता, भावोजी. गेली कित्येक वर्षं घेता. तिच्यासाठी कुणी तुमचा हात नारळावर ठेवला नाही. ती औषध आणि माझ्या नवऱ्याची ती नशा, हे कुठल्या देवाने सांगितलं?

मग ते पडवीत तडफडत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, भूत निघतंय. ते भूत नव्हतं. औषध अचानक तोडल्यावर होतं ते होतं. पण तुमच्या पत्रात ते सगळं कसं कौतुकाने लिहिलंय!

आता तुमच्या भावाचं लिहिते. इतका वेळ हात वळत नव्हता.

ते परत आले ते निम्मे होऊन. मी नवी गोळी पुढे केली तर हात झटकला. "शपथ घातलीय. पोरांवर उलटेल." मी पाया पडले, ऐकलं नाही. चार दिवसांत पुन्हा गर्द ओढायला लागले, थोडा थोडा, माझ्यापासून लपवून. तुमच्या शपथेने गर्द अडवला नाही, भावोजी. औषध तेवढं अडवलं. पाडव्याच्या सकाळी फुलं आणि साखरेची गाठी आणायला म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. गाठले जुने दोस्त ठाण्याला. अंगाची सवय मोडलेली, आणि ओढलं पहिल्याइतकंच. डेपोमागच्या भिंतीशी ओठ निळे पडलेले सापडले. एका रिक्षावाल्याने हॉस्पिटलात नेलं म्हणून तुम्हाला आज पत्र येतंय, तार नाही.

हॉस्पिटलातून घरी आणलं तर तीच तडफड पुन्हा सुरू. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा गोळी सुरू करायला सांगितली. म्हणाल्या, आता सुरू केली नाही तर पुढच्या वेळी रिक्षावाला वेळेवर भेटेलच असं नाही. मी गोळी हातात घेऊन बसले होते आणि यांनी दात घट्ट मिटलेले. अंगावर काटा, थंडीने हुडहुडी, आणि तरी मान नाही म्हणून हलवतायत. काय म्हणाले सांगू? "एकदा शपथ मोडली, तर देवानं मला धरलं, पोरांना सोडलं. परत मोडली तर पोरांना धरेल. मी गेलो तर चालेल, मंजू. रतनला काय व्हायला नको." रतन दारात उभी होती. तिने ऐकलं.

मी उठले. खाली कुलकर्ण्यांकडे फोन आहे, तिथे गेले, त्यांच्या जिन्यात जरा वेळ बसले आणि वर आले. यांना म्हटलं, "गावाहून भावोजींचा फोन होता. त्यांनी देवळात जाऊन गाऱ्हाणं मागे घेतलं. औषधाला शपथ नाही, असं देवाला सांगितलं. गुरवानं मोकळं केलंय तुम्हाला."

त्यांनी विचारलं, "दादा सोता उभा होता?"

मी म्हटलं, "हो. आंघोळ करून, ओल्या पंचाने."

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

परवाची गोष्ट. काल पेज प्यायले, आज दोन घास भात खाल्ला. कान्हा उशाशी बसून त्यांना पाढे म्हणून दाखवतोय. आणि पुढच्या रविवारी ते गावातल्या पोपटच्या दुकानातल्या फोनवर तुम्हाला फोन करणार आहेत, दादाच्या तोंडून एकदा ऐकायचंय म्हणतात.

देवाच्या नावाने खोटं बोलले मी. त्याचं जे काय व्हायचं ते माझं होऊ दे, पोरांचं नाही, हे मी इथूनच त्याला सांगितलंय. पण तुम्हाला खोटं बोलायची पाळी येऊ देत नाही. पत्र मिळाल्या दिवशी उठा, आंघोळ करा, नारळ घ्या आणि देवळात जा. गाऱ्हाणं तुम्ही घातलंत, तुम्हीच मागे घ्या. गावासमोर घातलंत, गावासमोर घ्या. लाज वाटेल. वाटू दे. रविवारी तुमचा भाऊ विचारेल तेव्हा तुम्ही हो म्हणाल आणि ते खरं असेल.

नाही म्हणालात, तर मला कळवायची तसदी घेऊ नका. मला ते यांच्या मिटलेल्या दातांवरून कळेल.

तुमच्या भावाच्या कपाळावर हात ठेवून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आलं आहे,

मंजुळा महिपत