कपात चालू ठेवा

घरच्या अर्थमंत्रीणबाईंना,
लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्याचा नमस्कार!

फोनवरच सांगणार होतो, पण कागदावर वाचलंस तरच तुझा विश्वास बसेल. अगं, घराचं कर्ज फिटलं! पगाराचे कारकून स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुमचा हप्ता कापायचा बंद."

झालं! लॉन्ड्रीतली सगळी मंडळी मागे लागली. एक म्हणे नवा फोन घ्या, दुसरा म्हणे निदान बूट तरी. (तिसऱ्यांदा शिवलेत, अजून ठणठणीत आहेत.) मी सगळ्यांना चहा पाजला आणि कारकुनांना म्हटलं, "कपात चालू ठेवा! नऊ वर्षं उरलेल्यातच भागवलंय, आता जास्त हातात आलं तर उगाच हात सैल होईल. तेवढेच पैसे म्हातारपणासाठी पेन्शनच्या खात्यात टाका." त्यांनी चष्माच काढला, आणि पेन्शनचा फॉर्म पुढे केला!

तू डोळे तपासून घेतलेस का? आता पुढे ढकलायचं कारण नाही. मी मजेत आहे. गुडघाही बरा आहे, फक्त जिन्यात जरा कुरकुरतो.

पेन्शनचा फॉर्म भरलाय, एक रकाना सोडून: कितव्या वर्षी काम थांबवणार? मी पासष्ट लिहिणार होतो, मग पेन खाली ठेवलं. जितकं उशिरा थांबाल तितकी पेन्शन जास्त, असं कारकून म्हणतात. हिशेब तुझा पक्का, तेव्हा आकडा तूच कळव.

पण जरा लहानच कळव.

तुझाच,
बिनकर्जाचा नवरा