नमुना ब

३ मार्च
आणखी एक नकार. रंगाच्या कारखान्याने कळवलं – विषय चांगला आहे, पण सध्या नको. फेलोशिपला निवड होऊन काय उपयोग? महिनाअखेरपर्यंत एखाद्या कंपनीने स्पॉन्सर केलं तर ती माझी, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. आणि मी शाळेतली कायमची नोकरी सोडून बसलेय!

५ मार्च
दादा जेवताना म्हणाला, हेडबाईंना एकदा भेटून ये, जागा अजून भरली नसेल. आई भात वाढत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी भांडले आणि पानावरून उठले.

९ मार्च
लॅबमधल्या माझ्या सरांच्या ओळखीने एक कारखाना मिळालाय! ब्रेकला लायनर, म्हणजे घर्षणाची पट्टी, चिकटवायचा ग्लू बनवतात, आणि माझं कामच ते – उष्ण दमट हवेत न सुटणारा ग्लू. मालक स्वतः प्रयोग बघणार आहेत. सर म्हणाले, जास्त बोलू नकोस. घाबरले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो हे त्यांना माहीत आहे.

१२ मार्च
मेले.
लॅबची रीत अशी – तुलनेला बाजारातला एक ग्लू घ्यायचा, लेबल काढायचं आणि त्याला ‘ब’ म्हणायचं. नाव दिसलं नाही की मन कुठे कलत नाही. ‘अ’ माझा. ब चा डबा स्टोअरमधून आला होता. कुणाचा, ते मी विचारलंच नाही.
आज मालक आणि त्यांच्या सगळ्या इंजिनियरांसमोर वाफेच्या पेटीतले दोन्ही तुकडे ठेवले. अ ओढून ओढून निघेना. ब चा लायनर नखाने सुटला. मी चक्क हसले! म्हणाले, बघा, बाजारात असलंही खपतं.
बाकी कुणी हसलं नाही. मालकांनी ब उचलला, तांबूस थर बोटाने चोळला, वास घेतला.
“हा आमचा आहे,” ते म्हणाले. “मी बनवलाय.”
परतताना सर गाडीत एवढंच म्हणाले की ज्या फांदीवर बसायचं तीच तोडलीस. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

१३ मार्च
फोन नाही.

१९ मार्च
नाही. फोन वाजला की धावत जाते, आणि निघतो राँग नंबर. सर टाळतायत. आज शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. आत जायची भीती, बाहेर राहायचीही.

२४ मार्च
मालकांचा फोन! उद्या सही करायला या म्हणाले. आईला मिठीच मारली. दादा म्हणतो, मला खात्री होतीच. लबाड! पण माझी एवढी चूक पोटात का घातली त्यांनी?

२५ मार्च
त्यांच्या वकीलबाईंनी एक अट दोनदा वाचून दाखवली – कंपनीच्या मालाबद्दल जे कळेल ते बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा. असं सगळीकडेच असतं. सही केली.
बाई गेल्यावर मालकांनी दार लावून घेतलं. डोळे खोल गेलेत त्यांचे. तुमचा प्रयोग आम्ही परत परत केला, म्हणाले, दर वेळी लायनर सुटतो. वापरात किती काळ टिकेल ते शोधणं हे तुमचं पहिलं काम.
मी विचारलं, तुमचा ग्लू लागलाय कुठल्या यंत्रांवर?
“लिफ्टच्या ब्रेकवर. शहरभर.”
मग लिफ्ट आजच बंद करायला हव्यात, मी म्हणाले. ते म्हणाले, आधी पक्कं कळू दे, मग बघू. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेही घाबरलेत, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

२६ मार्च
सकाळी आई मावशीकडे निघाली. नववा मजला. जिन्याने जा म्हटलं. का गं, तिने विचारलं. सांगून टाकलं.
आता लिफ्ट तपासणीच्या ऑफिसातल्या बाकावर बसून लिहितेय. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, कुठल्या कंपनीकडून आलात?
म्हटलं, कुठल्याच नाही.