नसेपासून दोन मिलिमीटर

पत्नीच्या खालच्या दाढेची खरी किंमत आधी नोंदवतो: अकरा दिवसांचा अबोला, सुनेची मागितलेली एक माफी आणि माझा जन्मभर जपलेला ताठा. सौदा स्वस्तात पडला.

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कवळ्या घासत घासत दातांचा डॉक्टर झालेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना (पत्नीचा धरलेला नाही) हे लिहून ठेवत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते अबोल्याच्या नवव्या दिवशी लिहिले होते.

१. राहते घर पत्नीचे. बँकेत असेल ते मुलाचे. लहानपणी त्याने माझे जबड्यांचे साचे खेळायला नेऊन फोडले, ते माफ.

२. दवाखाना, दोन्ही खुर्च्या आणि स्कॅनचे यंत्र सुनेचे. मुलगाही दातांचाच डॉक्टर आहे, त्याला वाईट वाटेल. म्हणून कारण देतो.

पत्नीच्या जबड्यात मी बारा मिलिमीटरचा इम्प्लांट, म्हणजे नव्या दाढेखालचा स्क्रू, बसवायला निघालो होतो. ड्रिलच्या आवाजावरून मला हाड कळते, आजवर एकाही पेशंटचा ओठ बधिर केलेला नाही, असे मी चारचौघांत सांगत आलो आहे. मुलगा म्हणाला, बाबांना कळतं. सून मात्र खुर्चीसमोर आडवी उभी राहिली.

"बाबा, साधा एक्स-रे सपाट असतो. स्कॅन काढल्याशिवाय आईंच्या तोंडात ड्रिल जाणार नाही."

स्कॅनमध्ये हाडाच्या माथ्यापासून ओठाला जाणाऱ्या नसेच्या नळीपर्यंत जेमतेम दहा मिलिमीटर निघाले. शिवाय जिभेच्या बाजूने जबडा आत खोलगट. माझे कान यातले काहीच बोलले नव्हते. मी अकरा दिवस फुगून बसलो, बाराव्या दिवशी माफी मागितली. सुनेने आठचा बसवला, नसेपासून दोन राखून. भूल उतरल्यावर पत्नीने स्वतःचा ओठ चिमटून पाहिला.

"दुखतंय," ती खुशीत म्हणाली. "आता दवाखाना हिच्या नावावर करा."

३. माझा जुना ड्रिल मुलाला. भिंतीवर टांगावा, तोंडात घालू नये.

स्थळ: दवाखाना, माझीच खुर्ची. तारीख चौदा, बुधवार, दुपारी चार. सही माझी, हात न थरथरता.

साक्षीदार: पहिले, शेजारचे औषधवाले. दुसरे, माझे जुने पेशंट शिंपीकाका. मजकूर वाचून दाखवला तेव्हा शिंपीकाका सही करता करता थांबले.

"ते ओठाचं वाक्य राहू द्या, डॉक्टर. ऐकायला बरं वाटतं."

मी त्यांची दाढ बसवली त्या दिवसापासून, एकोणीस वर्षे, त्यांचा खालचा ओठ डावीकडे बधिर आहे.