उंबऱ्याचा बाक

६ नोव्हें.
रशीदभाईंनी सकाळीच रंधा खाली ठेवला. "ताई, उंबरा आहे हा. टेबल करा, कपाट करा. बसायचा बाक नको." गावातल्या हौसामावशींच्या पाडलेल्या घराचं सागवान. एवढी सलग लांबी दुसरीकडे कुठे मिळणार? उंबऱ्यात बसलं की आईसुद्धा धपाटा घालायची, इंदूरला. म्हणून काय जन्मभर घाबरायचं? मीच रंधा हातात घेतला. शेवटी काम त्यांनीच केलं म्हणा.
खंडाळ्याच्या हॉटेलला हा नमुना पसंत पडला, तर सगळ्या खोल्यांचं फर्निचर आपलं. नाही तर ही सुतारकामाची शेड बंद. दादा इंदुरात "ये परत" म्हणायला टपलेलाच आहे. इथे टाकव्यात दोन वर्षं काढली, गावाला अजून मी 'इंदूरवाली'च.

१४ नोव्हें.
बाक लॉबीत, भिंतीला टेकवून. काय देखणा दिसतो! मधला झिजलेला खोलगट भाग तसाच ठेवलाय.

१९ नोव्हें.
मॅनेजरचा फोन. बाकावर कुणी टिकत नाही. बसतात, पाय आखडून घेतात, उठतात. एक पाहुणा तर मागे वळून "सॉरी" म्हणाला. मागे भिंत!

२१ नोव्हें.
स्वतः जाऊन बसले. अर्धा तास, चहा पीत. काही नाही. मग रशीदभाई बसले, मिनिटात उठले. "कुणीतरी वाट मागतंय, ताई. रागानं नाही. घरातलं माणूस मागतं तसं." कपाळावर घाम. आधी राग आला मला. परतताना मात्र गाडीतूनच मॅनेजरला 'बाक परत पाठवा' म्हटलं.

२३ नोव्हें.
बाक परत आला. शेडच्या भिंतीला लावलाय. ऑर्डरचं काय ते हॉटेलचे मालक सोमवारी कळवणार.
दुपारी हौसामावशी बघायला आल्या. खोलगट भागावरून हात फिरवत राहिल्या.
"तुला बसल्यावर काय व्हतं?"
"काही नाही."
"अजाबात न्हाई?" माझ्याकडं नीट बघितलं. "मंग तू घरची झालीस, बाई. परक्याला उठवत्यात. घरच्याला न्हाई उठवीत. खोळंबून ऱ्हात्यात, उठंस्तवर."
"कोण?"
"त्ये मला काय ठावं? मी कदी बसलेच न्हाई."
अर्धा तास. चहा पीत. अरे देवा.

२५ नोव्हें., सोमवार
मालक अकराला फोन करणार. दादाला काय सांगायचं, ते दोन्ही तऱ्हांनी ठरवून ठेवलंय.
मुद्दाम बाकावर बसलेय. वही मांडीवर, फोन शेजारी. रशीदभाई रंधा थांबवून बघतायत. मला काहीच जाणवत नाही, तीच भीती. कुणी खोळंबलं असेल तर किती वेळ?
शेवटी गुडघे एका बाजूला घेतले. आई दारातल्या पाहुण्याला म्हणायची तसं म्हटलं, "या."
रशीदभाईंनी हळूच डोक्यावरची टोपी सारखी केली.
फोन वाजतोय. दोनदा वाजून थांबला, पुन्हा वाजतोय. गुडघे अजून बाजूलाच धरलेत.