वाऱ्यावर सोडलेली जीप

५ नोव्हेंबर

सात वेळा बंद पडली आज गाडी. सात! आठव्यांदा पडली तेव्हा मी मोजायचं सोडून दिलं आणि बाबांनी बोलायचं.

रविंद्रकाकांचं हळदीचं खळं गाडी शिकायला मिळालंय. होळीच्या आसपास इथं शिजवलेली हळद वाळत पडेल. तोवर दीड एकर टणक मुरूम, भुसा भरलेली बारा पोती आणि मी. पोत्यांमधून नागमोडी जायचं. बाबा गाडीत बसत नाहीत. मध्येच उभे राहतात. खांद्यावरची दस्ती वर केली की जिथं असेन तिथं थांबायचं.

"आगं, म्हैस बसल्यावानी काहून बसवून राहिली गाडी? आत पेशंट हाय म्हन!"

एक डिसेंबरला उपकेंद्रावर हजर व्हायचंय. आरोग्य अधिकारी — नाव मोठं, गाव छोटं. तिथं एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या मर्जीनं. म्हणून ही जुनी पांढरी गाडी घेतली. शिकाऊ लायसन आलंय. पण बाबांची अट आहे: "म्या म्हनल्याबिगर चाक डांबराला लागणार न्हाई."

आणि त्या डांबरावर औंढ्याचा उतार आहे. आईची कंबर जिथं मोडली, तो.

७ नोव्हेंबर

पाच पोती पाडली. रात्रीपर्यंत केसांतून भुसा निघत होता. आई म्हणाली, "गाडी शिकून राहिली का खळं करून राहिली?"

९ नोव्हेंबर, रविवार

विहारात वंदनेला मी एकटी गेले. आई वॉकर घेऊन पायऱ्या चढू शकत नाही. बाबा चढू शकतात, पण दोन वर्षं झाली, येत नाहीत. आधी तेच पुढं बसून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचे. अपघातानंतर मन लागत नाही म्हणतात. स्टेअरिंगलाही हात लावत नाहीत. चोवीस वर्षं प्रवासी जीप चालवलेला माणूस!

आज परत येताना फाट्यावर देविदासकाकांच्या गॅरेजचं शटर पाहिलं. गंजलंय.

एकदा लिहून टाकते. बाजाराचा दिवस होता, जीप भरलेली, आई पुढच्या सीटवर. उतारावर ब्रेक फेल झाला आणि जीप नाल्यात गेली. चौघांना लागलं, आईची कंबर गेली. तीनच दिवसांपूर्वी देविदासकाकांनी त्या जीपचे ब्रेक केले होते. बाबांनी ते पोलिसांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, मला तर शंभर वेळा: "पाय दगडावर ठेवल्यावानी झालं साक्षी. दाबून राहिलो, दाबून राहिलो — ब्रेक जागचा हालंना."

देविदासकाका दवाखान्यात डबा घेऊन आले होते. मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर ओरडले, "हात झडले पाहिजेत तुमचे!" त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि गेले. केस कोणी केली नाही, पण गावानं निकाल दिला. त्यांच्याकडं पुन्हा कोणी गाडी नेली नाही. आता तांड्यावर घरीच फवारणीचे पंप दुरुस्त करतात म्हणे.

बरं झालं. अजूनही हेच वाटतं मला. लिहिताना हात जराही अडखळला नाही.

१२ नोव्हेंबर

आज पाण्यावर! बाबांनी स्प्रिंकलर लावून अर्धं खळं ओलं करून ठेवलं होतं. वर बारीक मातीचा लगदा. त्याच्यावर जोरात यायचं आणि दस्ती दिसली की थांबायचं.

पहिल्यांदा सगळा जोर देऊन ब्रेक मारला. चाकं जाम झाली आणि गाडी आपली सरकतच गेली, स्टेअरिंग फिरवते तरी सरळच! किंचाळले मी. गाडी तीन पोती घेऊन थांबली. बाबा धावत आले. वाटलं आता बोलणार. तर म्हणाले, "घाबरली ना? बरं झालं. हितं घाबरून घे. हितं पोते हायेत, तिथं मानसं असतेत."

मग शिकवलं. चाक घसरलं की ब्रेक थोडा सोड, चाकाला फिरू दे, मग पुन्हा दाब. आणि पोत्याकडं बघायचंच नाही. पोत्याशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघायचं. "जिथं नजर, तिथं गाडी."

सहाव्या वेळी जमलं. गाडी घसरली, मी सावरली, पोत्याला वळसा घालून उभी केली. बाबा हसले. दात दिसेपर्यंत हसले! मला रडूच आलं. हा माणूस शिकवतो किती छान, आणि स्वतः त्या खुर्चीत बसत नाही.

१३ नोव्हेंबर

जमतंय. आज एकही पोतं नाही!

१६ नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते नीट लिहिते, कारण मला नीट कळलेलं नाही.

खळ्याला वरून खाली जरा उतार आहे, पाणी निघून जायला. आज वरून खाली यायचं होतं. ओल्यावर ब्रेक दाबला, क्लच उशिरा दाबला. इंजिन बंद पडलं. पण गाडी उतारानं चाललेलीच. ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला, शिकवल्याप्रमाणे. दोनदा लागला. तिसऱ्यांदा पाय टेकवला तर — दगड! खाली जाईचना. सीटवरून उठून दोन्ही पायांनी दाबला तेव्हा कुठं गाडी पोत्यांत घुसून थांबली.

मी काच खाली करून ओरडले, "बाबा! ब्रेक दगड झाला!"

ते जागचे हलले नाहीत. दस्ती हातातून खाली पडली होती, चिखलात. मला वाटलं घाबरले. मग ती न उचलताच वळले आणि घराकडं चालायला लागले. मी हाका मारतेय, आणि ते चाललेत.

रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली, "उन्हाचं लागलं आसंल." नोव्हेंबरात!

१७ नोव्हेंबर

औंढ्याला गेले होते. संतरामकाका तिथं ड्रायव्हिंग शिकवतात, त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक कडक का झाला?

"होणारच की. ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाब मिळतेत, मग कडक."

"आणि ब्रेक फेल झाला तर?"

"फेल झाला तर उलटा. मऊ पडतो. पाय भसकन खाली जातो. कडक ब्रेक फेल नसतो, ताई. कडक ब्रेकवाल्यानं चावी बंद केलेली असती."

चहा घेतला मी. पैसे देऊन बाहेर आले. मग मंदिरासमोरच्या गर्दीत कुठं जायचं तेच सुचेना.

पाय दगडावर ठेवल्यावानी. शंभर वेळा!

उतार आला की जीपवाले चावी फिरवतात, गाडी न्यूट्रलला टाकतात. डिझेल वाचतं. इकडं त्याला म्हणतात गाडी वाऱ्यावर सोडणं. बाबाही सोडायचे. लहानपणी मला ते फार आवडायचं. घरघर एकदम थांबायची, नुसता वारा कानात. उतार दिसला की मीच टाळ्या वाजवायचे, "बाबा, वाऱ्यावर सोडा! वाऱ्यावर सोडा!"

१८ नोव्हेंबर

पोळ्या करपल्या.

२० नोव्हेंबर

बाबांना खळ्यावर नेलं. म्हणाले, "आज राहू दे." मी म्हटलं, चला. गाडीत बसा म्हटलं. बसले, शेजारच्या सीटवर. मी इंजिन चालूच केलं नाही.

"बाबा, चावी तुम्ही फिरवली होती ना?"

समोर पोती उभी. मग म्हणाले, "लई वर्सांची सवय, साक्षी. चोवीस वर्सं फिरवत आलो. त्या दिशी पुढून ट्रॅक्टर आडवा आला. दाबला, दाबला… चावी पुन्हा फिरवावी हे सुचलंच न्हाई."

"मग ब्रेक फेल काहून सांगितलं?"

"पयल्यांदा खरंच वाटलं व्हतं तसं. मग रातच्याला दवाखान्यात बसलो, तवा कळलं. तवर गावात झालं व्हतं सगळं बोलून. तूबी बोलली व्हतीस."

मीही! हो, मी सगळ्यात मोठ्यानं.

मी म्हटलं, "जीप सोडली ती सोडली. देविदासकाकांनाही वाऱ्यावर सोडलंत तुम्ही." फार लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले. बाप रडताना पाहणं फार वाईट. मी खिडकीबाहेर बघत राहिले, तरी ऐकू येतच होतं.

२१ नोव्हेंबर

सकाळी मी माझी अट घातली. देविदासकाकांच्या दारात जाऊन खरं सांगायचं. नाहीतर मी हजर होणार नाही, गाडी विकून टाकते. त्यांनी हात जोडले. मला, पोटच्या पोरीला. म्हणाले, देविदासनं चार शिव्या घातल्या तर ऐकून घेईन, "पर तुह्या मायला कळंल. तिला तेवढं कळू दिऊ नको. ती डुलकी घेऊन राहिली व्हती, तिनं काय पाह्यलं न्हाई. माह्याच हातानं तिची कंबर मोडली हे कळलं तर ती मला घरात ठीवंल का?"

विहारात का येत नाहीत, ते आज समजलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. ते सगळ्यांच्या पुढं बसून कोणत्या तोंडानं म्हणवून घेणार?

मला त्यांचा राग येतो. त्यांची कीव येते. दोन्ही एकदम येतं आणि मग जेवण जात नाही.

२२ नोव्हेंबर

आई आम्हा दोघांकडं बघते आणि मेथी निवडते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून उभे. मला वाटलं विहारात निघाले. म्हणाले, "तांड्यावर जाऊ."

खळ्यापासून तांड्यापर्यंत पांदण आहे, डांबर लागत नाही. मी गाडीचं दार उघडलं तर त्यांनी हात पुढं केला. "चावी दे."

दोन वर्षांनी! सीट मागं घेतली, आरसा बघितला. पांदणीला मध्येच ओढ्याकडं उतार आहे. तिथं त्यांनी दुसरा गिअर ठेवला, इंजिन घरघरत राहू दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "उताराला गिअर काढायचा न्हाई. चावीला हात लावायचा न्हाई. हे तुला पयल्या दिशीच सांगायला पायजे व्हतं." म्हटलं, हो.

देविदासकाका अंगणात पंप खोलून बसले होते. बायको, जिवनबाई, शेजारी ज्वारी पाखडत होती. बाबा उभ्यानंच बोलले. सगळं. चावी, उतार, ट्रॅक्टर, खोटं. सगळं सांगून झालं तरी देविदासकाका पंपाचा वायसर बसवत होते.

मग म्हणाले, "जळबाभाऊ, ब्रेक म्या जोडले व्हते. दुसऱ्या दिशी नाल्यात उतरून म्याच पाह्यले. तेल बराबर, पट्ट्या बराबर. चावी बंद. मला न्हाई का ठाऊक?"

"मग बोलला काहून न्हाईस?"

"आता तुमी बोलला ना. बसा. पुढच्या येळंला ब्रेक तपासायला माझ्याकडंच आणा गाडी, म्हंजी झालं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. "काका, मी तुमच्या हातांना…" त्यांनी हात मागं घेतले. तेलानं काळे झालेले हात. "पोरी, हात खराब हायेत," एवढंच म्हणाले. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

बाबा म्हणाले, आता चौकात, सगळ्यांसमोर सांगतो. तुझ्या आईला मात्र आधी घरी सांगतो. परत येताना त्यांनी गाडी मला दिली. ओढ्याचा उतार मी उतरले. दुसऱ्या गिअरवर. बाबा म्हणाले, "डांबराला हरकत न्हाई आता."

२४ नोव्हेंबर

काल निघताना जिवनबाई गाडीच्या काचेशी आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तुह्या मायला सांग, आमच्या ह्यांनी तिला दिलेला शब्द पाळला म्हनावं." मला अर्थ लागला नव्हता. बाबांचा आईला सांगायचा धीर अजून होत नाहीये. म्हणून आज मीच आईला विचारलं, कसला शब्द? ती मेथीच निवडत होती. "चावी फिरवली तवा म्या जागीच व्हते. दवाखान्यात देविदासला म्याच हात जोडले — बोलू नको म्हनून. माही कंबर मोडली व्हती, तुहा बाप मोडू द्यायचा न्हव्हता." जुडी बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

पाहिलं तिनं. आणि साक्षी नाव माझं!